१४ पेट्या क्रीम टाईल्स आहेत, भिंतीला पुरत नाहीत: वेगवेगळ्या टाईल्स एकत्र कशा लावायच्या?

दर्यापूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे, थोडं आटोपून देतो:

"नमस्कार भाऊ, घराचं काम आता टाईल्सवर येऊन थांबलं आहे. देराच्या अमरावतीच्या घराच्या १४ पेट्या उरल्या होत्या, १२ बाय १८ च्या, क्रीम, चकचकीत, त्या त्यांनी आम्हाला दिल्या. बाथरूम आतून ७ बाय ५ आहे, टाईल्स ७ फुटापर्यंत न्यायच्या आहेत, नळ लांब भिंतीवर आहे. मिस्त्री म्हणतो क्रीम पुरणार नाही, खाली काळ्या घ्या, वर क्रीम आणि मधात हायलायटरचा (नक्षीच्या, चित्राच्या टाईल्सचा) पट्टा. यांचं म्हणणं दोन रंग नकोच, सासूबाई म्हणतात सगळं पांढरं करा, मळ दिसला पाहिजे. मला मोबाईलवर पाहिलेली निळी-पांढरी मोरोक्कन डिझाईन फार आवडली आहे, निदान ओट्यामागे तरी. ओटा ८ फुटाचा, काळा ग्रॅनाईट. बोरचं पाणी खारं आहे. हॉलच्या २ बाय २ च्या काही फरश्या पण उरल्या त्या कुठे वापरू? महालक्ष्म्या यंदा नव्या घरात बसवायच्या आहेत. घर विचित्र दिसलं तर पाहुणे वर्षभर बोलतील."

ताई, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, काऊन की तुम्ही रंगाच्या आधी मापं लिहून पाठवली, बहुतेक लोक फक्त फोटो पाठवतात आणि विचारतात कसं दिसेल. मापं आहेत तर हिशोबच करून टाकू. चारी भिंतींचा घेर २४ फूट, दरवाज्याचे अडीच गेले की साडेएकवीस, गुणिले ७ म्हणजे दीडशे स्क्वेअर फूट, त्यात कटिंगचे दहा टक्के धरले की १६५. १२ बाय १८ च्या पेटीत साधारण ६ नग येतात, म्हणजे पेटी पावणेनऊ स्क्वेअर फुटाच्या आसपास भरते, १४ पेट्यांचे झाले १२२. तर मिस्त्री खरं बोलून राहिला, क्रीम पुरत नाही. पण त्याचा उपाय मला पटला नाही.

आता हे पहा, नळाची लांब भिंत एकटीच ४९ स्क्वेअर फूट आहे. ती बाजूला काढली तर उरलेल्या तीन भिंती १०१ च्या, कटिंग धरून ११२. म्हणजे क्रीम तीन भिंतींना पुरते आणि एखादी पेटी शिल्लक पण राहते. नळाची भिंत पूर्ण वेगळी करा, खालपासून वरपर्यंत एकच दुसरी टाईल, आणि बाकी तीन भिंती पूर्ण क्रीम. दोन टाईल्सची भेट कोपऱ्यात होऊ द्या, भिंतीच्या मधात नको. मला या सगळ्या पत्राचं उत्तर एका वाक्यात द्या म्हटलं तर मी हेच सांगेन, आधी जोड कुठे येणार ते ठरवा, टाईल त्याच्या नंतर निवडा. टाईल्स वेगळ्या आहेत म्हणून घर विचित्र दिसत नाही, एक टाईल जिथे संपते आणि दुसरी सुरू होते ती जागा उगाच कुठेतरी असली की विचित्र दिसतं. कोपरा, दरवाज्याच्या चौकटीची वरची रेघ, ओट्याची कड, कोनाड्याची कड, या जागा भिंतीत आधीच आहेत, जोड तिथे आणला की पाहणाऱ्याला वाटते की हे ठरवूनच केलं. भिंतीच्या मधात साडेतीन फुटावर काळं संपून क्रीम सुरू झालं तर त्या साडेतीन फुटाला काहीच कारण नसते, मग त्याला कारण द्यायला हायलायटरचा पट्टा लावावा लागते.

कोपऱ्यात जोड आणायचा दुसरा फायदा जाडीचा. वेगवेगळ्या मापाच्या टाईल्सची जाडी सारखी नसते, १२ बाय १८ बहुतेक ७-८ मिलीमीटर असते, मोठ्या मापाची ९ पर्यंत जाते. एकाच भिंतीवर शेजारी लावल्या तर मिस्त्रीला मागे सिमेंटचा माल कमीजास्त भरून पातळी जुळवावी लागते, आणि घाईत तो जुळवत नाही, मग हात फिरवला की ठेच लागते आणि त्या कडेवर मळ बसते. कोपऱ्यात हा प्रश्नच येत नाही.

आता नळाच्या भिंतीला कोणती घ्यायची. मापापासून सुरू करतो. १२ बाय २४ ची घ्या. आणि क्रीम पण आडवी लावा, नवी पण आडवी लावा. आडवी लावली की दोन्हीची उंची १२ इंच होते, त्यामुळे एका भिंतीवरचा सांधा कोपऱ्यातून वळून दुसऱ्या भिंतीवर सुतात जातो, चारी भिंतींवर सातही थर एका लेव्हलमधे. रंग वेगळा, लांबी वेगळी, पण या आडव्या रेघा जुळल्या की खोली एक वाटते. क्रीम टाईल उभी लावली, जशी पुष्कळ मिस्त्री सवयीने लावतात, तर १८ इंचाचे थर होतात आणि सांधे कुठेच भेटत नाहीत. म्हणून हे मिस्त्रीला काम सुरू व्हायच्या आधी, माल अंगणात असतानाच सांगजा.

टाईल खरी ३०० मिलीमीटरची असते, पुरे १२ इंच नाही, तर सात थर आणि मधले २ मिलीमीटरचे सांधे मिळून सात फुटाला पाऊण इंच कमी भरते. ते चालते. पण दोन्ही टाईल्स सपाट जागी शेजारी उभ्या करून उंची पहाच, कारण कंपनी वेगळी असली की एखाद्या मिलीमीटरचा फरक निघतो आणि तो सातव्या थरापर्यंत सात मिलीमीटर होतो. फरक निघालाच तर लहान टाईलला ३ मिलीमीटरचा स्पेसर (सांध्यात ठेवायचा प्लास्टिकचा तुकडा) आणि मोठीला २ चा, झालं. ७ फुटाच्या भिंतीत १२ बाय २४ च्या एका थराला साडेतीन टाईल्स लागतात, सात थरांना साडेचोवीस, म्हणजे २५ नग, पेटीत ५ असले तर बरोब्बर ५ पेट्या. बाजूच्या दोन भिंती आधी लावून घ्या, त्यांच्या जाडीने ही भिंत थोडी आखूड होते, मग अर्ध्या तुकड्यासाठी एक टाईल कापली की दोन थरांचं काम होते. तुकडा त्या कोपऱ्यात घ्यायचा जिकडे दरवाज्यातून आल्यावर नजर जात नाही. आणि या लांब टाईल्स विटांच्या जोडाईसारख्या अर्ध्या-अर्ध्या सरकवून लावू नका, लांब टाईलला मधात थोडा बाक असते, एकीचा मध्य दुसरीच्या टोकाजवळ आला की टोक वर आलेलं दिसते. सरळ सांध्यावर सांधा.

आता रंग, आणि इथे तुमचं बोरचं पाणी सगळ्यात आधी पहावं लागते. तुमचा तालुका पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात येते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या या पट्ट्यात खोल जमिनीतलं पाणी खारं, ते भिंतीवर उडून वाळलं की पाणी जाते आणि क्षार पांढरे होऊन तिथेच राहतात. काळ्या, गर्द निळ्या, गर्द कॉफी रंगावर, त्यातही चकचकीत असली तर, आठ दिवसात पांढरे ओघळ दिसतात आणि घरची बाई रोज घासत बसते. मिस्त्री काळी खाली लावा म्हणतो ते चिखल दिसू नये म्हणून, गोड्या पाण्याच्या गावात ठीक आहे ते. तुमच्याकडे काळीवरच जास्त दिसेल. मला याचं फार वाईट वाटते की दुकानात गिऱ्हाईकाला सगळं विचारतात, बजेट, रंग, माप, पण पाणी कोणतं आहे हे कोणी विचारत नाही, आणि ज्या बाईला ती भिंत पुढची वीस वर्षं धुवायची आहे तिला हे कळते तेव्हा माल लागून गेलेला असते.

म्हणून नळाच्या भिंतीला क्रीमपेक्षा दोन छटा गडद, हलकी बदामी नाहीतर मातकट राखाडी, दगडासारख्या बारीक रेषा असलेली, पृष्ठभाग गुळगुळीत पण आरशासारखा नाही, अशी टाईल पहा. खरबरीत मॅट भिंतीला नको, क्षार त्या खरबरीत जागेत जाऊन बसतात, ते घासून निघत नाहीत. आणि एक काम नक्की करजा, दुकानात जाताना एका बाटलीत बोरचं पाणी घेऊन जा. दोन-तीन नमुन्याचे तुकडे मागा, त्यावर पाणी शिंपडा, बाहेर उन्हात वाळू द्या, पुन्हा शिंपडा, वाळू द्या. दुकानदार हसला तर हसू द्या. जो तुकडा कमी पांढरा दिसेल तो तुमचा.

सोबत क्रीमची एक टाईल पण न्या, पिशवीत गुंडाळून. मोबाईलमधल्या फोटोवर रंग जुळवू नका आणि शोरूमच्या लाईटखाली पण नको, दोन्ही टाईल्स रस्त्यावर उजेडात शेजारी धरा. क्रीम रंगात पिवळसरपणा असते, म्हणून तिच्या सोबतीला येणारा रंग पण पिवळसर, बदामी, मातीच्या बाजूचा पाहिजे. शुभ्र पांढरी शेजारी आली की क्रीमची तब्येत बिघडते, धुतलेल्या पांढऱ्या धोतराजवळ जुनी बनियन ठेवल्यावर ती जशी मळकी दिसते तसं होते, मग ती कितीही स्वच्छ असो. निळसर राखाडीचं पण तसंच आहे. सासूबाईंना सांगा की त्यांचं म्हणणं अर्ध्याहून जास्त बरोबर आहे, खाऱ्या पाण्याला फिका रंगच पाहिजे आणि क्रीमवर मळ दिसतोच, फक्त शुभ्र पांढरा या १४ पेट्यांसोबत जमत नाही.

सासूबाईंसाठी आणखी एक. बाथरूमच्या खालच्या फरशीचा रंग भिंतीपेक्षा स्पष्ट वेगळा ठेवा, १२ बाय १२ ची मॅट अँटीस्किड, मध्यम राखाडी किंवा तपकिरी. वय झालं की भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते ओल्या उजेडात पटकन कळत नाही, रंग वेगळा असला की पाय नीट पडते. आणि क्रीम टाईल्स उरल्या म्हणून कोणी खाली लावा म्हटलं तर बिलकुल नाही, भिंतीची चकचकीत टाईल पाणी पडलं की घसरते आणि वजनाने तडकते पण.

आता ओटा. तुमची मोरोक्कन राहू द्या, मी नाही म्हणणार नाही, रोजचा सैपाक तुम्ही करता तर डोळ्यासमोर आवडीचं काही असावं. फक्त सगळ्या आठ फुटाला नको आणि तिची जमीन शुभ्र पांढरी नको, क्रीम किंवा हस्तिदंती जमिनीवर निळं काम असलेली पहा, मिळते. गॅसच्या मागेच लावा, बाकी ओट्याला बाथरूमच्या नळभिंतीची तीच १२ बाय २४. मोरोक्कन बहुतेक १२ बाय १२ येते, म्हणजे इथे पण १२ इंचाचे थर आपोआप जुळतात. यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, या डिझाईनमधे पुष्कळदा चार टाईल्स मिळून एक फूल पूर्ण होते. तीन टाईल्स रुंद लावल्या तर अर्धं फूल कडेला लटकते. म्हणून चार रुंद, चार उंच, १६ नग, आणि मधला सांधा गॅसच्या दोन बर्नरच्या बरोबर मधोमध. दोन फुटावर थांबू नका, पुरणाच्या आणि वड्यांच्या दिवशी तेल किती वर उडते ते तुम्हाला माहीत आहे. कडेची १२ बाय २४ ची टाईल आणि हा मोरोक्कनचा चौक यांच्यात जाडीचा फरक असेल तर इथे मात्र पातळी जुळवून घ्यावी लागेल, मिस्त्रीला पट्टी लावून दाखव म्हणा, आणि वरची उघडी कड कॉर्नर पट्टीने बंद करा नाहीतर आतली माती दिसते. प्रिंटची टाईल घेताना नखाने खाजवून पहा, उठावदार असेल तर हळद आणि तेल त्या खाचांत बसेल, गुळगुळीतच घ्या.

हायलायटर घेऊ नका. क्रीमच्या मालिकेचा तो हायलायटर आता मिळणार नाहीच, गुजरातच्या मोरबीत टाईल्सचे कारखाने आहेत, तिथला माल लवकर लवकर बदलते, एक डिझाईन बंद झालं की गेलं, आणि उद्या नळाचं काम निघून तोच पट्टा फुटला तर जोड शोधत फिरावं लागेल. कपबशीचे आणि फळांचे चित्र असलेले तर नकोच नको, ते पहिल्या वर्षीच नजरेला जड होतात.

सांध्यात भरायचा ग्राऊट सगळीकडे एकाच रंगाचा, क्रीम भिंतीला पण, नळभिंतीला पण, ओट्याला पण. बिस्किट किंवा फिका राखाडी. वेगळ्या टाईल्सना एकत्र बांधायचं निम्मं काम ग्राऊट करते आणि त्यालाच लोक शेवटी उरल्यासुरल्या पांढऱ्या सिमेंटने उरकून टाकतात. पांढरा ओट्यामागे हळदीने पिवळा होईल. पैसे पुरत असतील तर नळाच्या भिंतीला आणि गॅसमागे इपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचा ग्राऊट) भरा, बाकी साधा चालते. पुढे डाग पडले म्हणून ॲसिड ओतू नका, ते सिमेंटचा ग्राऊट खाऊन टाकते, मग सांध्यातून पाणी मागे जाते. रोज आंघोळ झाल्यावर वायपरने भिंत खाली ओढून घेतली तर डाग जमतच नाहीत.

कामाबद्दल. क्रीमच्या १४ही पेट्यांवर बॅच आणि शेड नंबर छापलेला असते तो आधी पहा, दोन लॉट निघाले तर एक लॉट एका पूर्ण भिंतीला, दुसरा बाकी दोन भिंतींना, मिसळू नका. मालाला, ग्राऊटला पाणी बोरचं वापरू नका, योजनेच्या नळाचं किंवा टँकरचं गोडं पाणी साठवून ठेवा, खाऱ्या पाण्याने सांध्यातून लोणा बाहेर येते आणि ते वर्षानुवर्षं येतच राहते. आपली जमीन काळी, उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते, नव्या भिंतीला कॉलम आणि विटांच्या जोडावर चीर पडली असेल तर आधी तिथे जाळी मारून प्लास्टर दुरुस्त करा, चिरेवर टाईल लावली तर चीर टाईलमधून बाहेर येईल. प्लास्टर महिनाभर तरी जुनं असू द्या. सिमेंटवर लावत असाल तर क्रीम टाईल पाण्यात भिजवून घ्यायची, ती सिरॅमिक आहे, पाणी पिते, कोरडी लावली तर मालातलं पाणी ओढून घेते आणि नंतर पोकळ वाजते. टाईल ॲडेसिव्हवर (टाईल चिकटवायचा तयार माल) लावत असाल तर भिजवायची नाही. दोन्हीत गोंधळ करू नका. ऊन अजून कडक आहे तर ॲडेसिव्हवरचं काम सकाळी लवकर सुरू करा, दुपारी कालवलेला माल भिंतीवर पसरता पसरता वरून वाळते, टाईल चिकटल्यासारखी वाटते पण धरत नाही.

खालचा थर पहिला लावू देऊ नका. जमिनीला जाळीकडे उतार आहे, त्याच्यावर पहिला थर बसवला तर सगळ्या रेघा उतरतील. दरवाज्याच्या चौकटीच्या वरच्या रेघेपासून खाली मोजत या, दुसऱ्या थराच्या खाली सरळ पट्टी ठोका, तिथून वर चढा आणि सगळ्यात खालचा थर शेवटी मापाने कापून लावा. चारी भिंतींवर पेन्सिलने एकच लेव्हल रेघ मारून घ्या, वॉटर ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या नळीने. आणि त्याच्या आधी एक संध्याकाळ अंगणात एका कोपऱ्याचे तीन-चार थर नुसते मांडून पहा, यांना आणि सासूबाईंना पण बोलवा, पाहून बोलणं वेगळं होते, नुसतं तोंडी बोलण्यात भांडण वाढते.

१२ बाय २४ च्या पेट्या बाथरूमला ५, ओट्याला दीडएक, असं पाहता ७ पेट्या लागतील, ८ आणा. एकाच बॅचच्या. उरलेली पेटी आणि क्रीमची एक पेटी फोडू नका, बॅच नंबरवाला खोका तसाच राहू द्या.

राहिल्या हॉलच्या २ बाय २ च्या फरश्या. त्या व्हिट्रिफाईड (काचेसारख्या घट्ट भाजलेल्या) असतील तर पाणी जवळजवळ पीतच नाहीत म्हणून साध्या सिमेंटच्या घोळावर भिंतीला नीट धरत नाहीत, ॲडेसिव्ह पाहिजे, आणि नगाचं वजन पण जास्त. पाच-सात नगांसाठी भिंतीवर तो खटाटोप करू नका. मागच्या दारी पाण्याच्या टाकीखालच्या ओट्यावर लावा, तिथे सावली असते आणि ओलाव्याने त्यांचं काही बिघडत नाही. खाली पाय पडणाऱ्या जागी मात्र नको, पॉलिशची असेल तर ओली झाल्यावर घसरेल.